हायकोर्ट कोल्हापुरात आलं, म्हणजे आपल्या हातात काय आलं?

१८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर येऊन बसणारं न्यायपीठ, भरतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं चालतात. त्यासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ मोर्चे काढले, उपोषणं केली, कामकाजावर बहिष्कार टाकला. त्यामुळे उद्घाटनाचा दिवस शहरानं सणासारखा साजरा केला, यात नवल नाही.

पण त्यानंतर टपरीवर, एसटीत, पैपाहुण्यांत एक प्रश्न सारखा कानावर येतो. "बावड्यात जिल्हा कोर्ट आहेच की, मग हे आणखी कशाला? आणि माझी कुठं केसच नाही, मला त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. चर्चा झाली ती बरीचशी इमारतीची, जागेची आणि पार्किंगची. हायकोर्ट साध्या माणसासाठी नेमकं काय करतं, हे कुणी नीट सांगितलंच नाही. ते इथं सांगायचा प्रयत्न करतो.

## बावड्याचं कोर्ट आणि हे कोर्ट

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात मुख्यतः दोन तऱ्हेची प्रकरणं चालतात. दिवाणी, म्हणजे माणसामाणसांतले वाद: वाटणी, खरेदीपत्र, उसने पैसे, भाडेकरू. आणि फौजदारी, म्हणजे गुन्हे: मारामारी, चोरी, फसवणूक, खून. साक्षीदार इथं उभे राहतात, पंचनामे इथं तपासले जातात, उलटतपासणी इथं होते. हा निकाल पटला नाही की पुढं अपील. ते ऐकणं हे हायकोर्टाचं एक काम, आणि ते बहुतेकांना माहीत असतं.

दुसरं काम कमी लोकांना माहीत असतं, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं आहे. समजा तुमचा वाद शेजाऱ्याशी नाही, सरकारशी आहे. तहसीलदार, जिल्हा परिषद, महापालिका, पोलीस, विद्यापीठ, महावितरण, यांपैकी कुणीतरी कायदा मोडून किंवा कायद्यानं करायला हवं ते न करून तुमचं नुकसान केलंय. अशा वेळी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ नुसार तुम्हाला थेट हायकोर्टात जाता येतं. हायकोर्ट त्या अधिकाऱ्याला सांगू शकतं की हे काम कर, ते करू नको, तुझा हा आदेश रद्द, किंवा तू पकडून ठेवलेल्या माणसाला आत्ता माझ्यासमोर उभा कर. अशा आदेशाला रिट म्हणतात आणि त्यासाठी केलेल्या अर्जाला रिट याचिका.

हा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना नाही. देशात तो फक्त हायकोर्टाला आणि सुप्रीम कोर्टाला आहे. बावड्याचं कोर्ट कितीही मोठं केलं असतं तरी हे काम तिथं होऊ शकलं नसतं. त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. कोल्हापूरहून पावणेचारशे किलोमीटरच्या वर, दोडामार्गहून आणखी लांब. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, स्टेशनवरच तोंड धुवायचं आणि फोर्टात जाऊन बसायचं. बोर्डावर आपलं प्रकरण शेवटी असलं आणि कोर्टाची वेळ संपली, की पुढची तारीख. मग तसंच परत.

घटनेनं दिलेला हक्क मलबार हिलवरच्या माणसाला आणि गारगोटीच्या माणसाला सारखाच होता. तो वापरायचा खर्च मात्र सारखा नव्हता. ज्याला प्रवास, मुक्काम आणि मुंबईच्या वकिलाची फी परवडत नव्हती त्यानं अन्याय गिळला, आणि कार्यालयातल्या साहेबालाही पक्कं ठाऊक असायचं की हा काही मुंबईला जात नाही. अधिकाऱ्याच्या मनातली ती खात्री मोडणं, हा या बेंचचा पहिला उपयोग आहे. ज्यानं आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढली नाही, त्यालाही त्याचा फायदा मिळतो. तो ज्या कार्यालयात जातो तिथला माणूस आता जरा विचार करून नकार लिहील.

## मूलभूत हक्क कुणाच्या विरुद्ध असतात?

राज्यघटनेच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत. शाळेत आपण त्यांची यादी पाठ केली, पण ते कुणाविरुद्ध आहेत हे फारसं कुणी सांगितलं नाही. ते मुख्यतः सरकारविरुद्ध आहेत. सरकारच्या हातात पोलीस, तुरुंग, करवसुली आणि जमीन ताब्यात घेण्याचं बळ असतं. एवढं बळ ज्याच्या हाती दिलं त्यानं कुठं थांबायचं, ही रेघ हे हक्क ओढून देतात.

अनुच्छेद १४ सांगतो की कायद्यापुढं सगळे सारखे. एकाचं अतिक्रमण पाडायचं आणि शेजारच्या नगरसेवकाच्या मेव्हण्याचं ठेवायचं, हे चालणार नाही. अनुच्छेद १९ मध्ये बोलण्याचं, शांततेनं एकत्र येण्याचं, हवा तो व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य आहे, तेही वाजवी बंधनांसह. अनुच्छेद २१ एका वाक्याचा आहे: कायद्यानं ठरवलेल्या रीतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. या एका वाक्यातून गेल्या पन्नास वर्षांत न्यायालयांनी खूप काही काढलं. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पंचगंगेच्या प्रदूषणावर हायकोर्टात जनहित याचिका झाली, तिच्या मुळाशी हेच आहे. जनहित याचिका म्हणजे स्वतःच्या नुकसानीसाठी न मागता सगळ्यांच्या वतीनं मागितलेली दाद.

बाबासाहेब आंबेडकरांना विचारलं असतं की घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अनुच्छेद कोणता, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी एका अनुच्छेदाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं. तो समतेचा नव्हता, स्वातंत्र्याचाही नव्हता. हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचा तो अनुच्छेद होता, आजचा ३२ वा. हायकोर्टाचा २२६ वा अनुच्छेद त्याचाच भाऊ, आणि एका बाबतीत त्याच्याहून रुंद. मूलभूत हक्कच मोडला पाहिजे अशी अट तिथं नाही. साध्या कायद्यानं दिलेला हक्क डावलला तरी दाद मागता येते.

एक खुलासा इथंच करतो, कारण गैरसमज खूप आहेत. भावानं बांध कोरला म्हणून रिट होत नाही. तो माणसामाणसातला वाद, त्याला तहसील आणि दिवाणी कोर्ट आहे. आणि कायद्यानं आधी प्रांताकडं किंवा आयुक्तांकडं अपील सांगितलं असेल, तर हायकोर्ट बहुधा विचारतं की तिकडं जाऊन आलात का?

## एका बाईंची फाइल

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एका उदाहरणानं बघू. समजा, आजरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवून एक बाई निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर सेवापुस्तक पडताळणीला गेलं आणि तिकडून शेरा आला: २००६ साली वेतननिश्चिती करताना एक वेतनवाढ चुकून जास्त दिली गेली, तेव्हापासूनची सगळी जादा रक्कम ग्रॅच्युइटीतून वसूल करावी. आकडा समजा दोन लाख ऐंशी हजार. बाईंनी कधी खोटा कागद दिला नव्हता की काही लपवलं नव्हतं. आकडेमोड कार्यालयाची, सही कार्यालयाची. पंचायत समितीत विचारलं तर "वरून आलंय", वर विचारलं तर "खालून प्रस्ताव तसाच आलाय".

सर्वसाधारण माणूस इथं हात टेकतो. पण सुप्रीम कोर्टानं १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाबमधल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगून ठेवलंय की चुकून जास्त दिलेलं वेतन निवृत्त कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तीला वर्ष उरलेल्यांकडून, वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून वसूल करता येत नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त काळ दिलं गेलेलं वेतनही परत मागता येत नाही. त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, निवृत्तिवेतन ही सरकारची मेहरबानी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असा निकाल झालेला आहे. म्हणजे कायदा पूर्ण बाईंच्या बाजूचा. फक्त तो आजऱ्याच्या टेबलापर्यंत पोचलेला नाही.

रिट याचिकेचा गठ्ठा हातात घेतला की वर अनुक्रमणिका दिसते, मग तारखांचा तक्ता: नेमणूक कधी, वेतननिश्चिती कधी, निवृत्ती कधी, वसुलीचा आदेश कधी. त्यानंतर एकेक क्रमांक घालून हकीगत, मग हा आदेश बेकायदा का आहे याची कारणं, आणि शेवटाकडं मागण्यांचं पान. याला वकील 'प्रेयर' म्हणतात. तिथं अ, ब, क अशी कलमं: वसुलीचा आदेश रद्द करावा, कापलेली रक्कम व्याजासह द्यावी, आणि निकाल लागेपर्यंत वसुलीला स्थगिती द्यावी. मागं बाईंचं प्रतिज्ञापत्र, सेवापुस्तकाच्या पानांच्या प्रती, अर्जांच्या पोचपावत्या, वकीलपत्र. पक्षकारानं बाकी काही नाही तरी मागण्यांचं एवढं पान वकिलाकडून मराठीत समजून घ्यावंच. जे तिथं मागितलेलं नाही ते कोर्ट सहसा देत नाही.

मराठीत म्हणालो, कारण हायकोर्टाचं कामकाज अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालतं. तालुका आणि जिल्हा कोर्टात मराठी चालते, इथं नाही. बाई मागच्या बाकावर बसून आपल्याच पेन्शनबद्दल काय बोलणं चाललंय ते चेहऱ्यांवरून ताडत राहतात. किलोमीटरचं अंतर मिटलं, भाषेचं अजून तसंच आहे. बेंचसाठी चाळीस वर्षं लढणाऱ्यांनी आता हाही प्रश्न हातात घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

## महाराजांनी हेच शंभर वर्षांपूर्वी केलं नव्हतं का?

कोल्हापुरात हक्कांची गोष्ट निघाली की शाहू महाराजांचं नाव येणारच. २६ जुलै १९०२ च्या हुकमानं त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाला कायद्याचं संरक्षण दिलं. गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींची रोजची हजेरी १९१८ मध्ये बंद केली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सगळ्यांच्या शाळेत आणली. कायदा समाज कसा घडवतो याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडं दुसरं नाही.

आपण अभिमानानं हे सांगतो, पण त्यातला एक पेच बोलायचा राहतो. हे सगळं घडलं कारण गादीवर शाहू महाराज होते. दुसरा कुणी असता आणि त्यानं हजेरी चालूच ठेवली असती, तर फासेपारध्याच्या पोरानं कुणाकडं जायचं होतं? राजाला जाब विचारणारं कोर्ट नव्हतं. राजाची इच्छा हाच शेवटचा शब्द होता. आपलं नशीब की ती इच्छा थोर होती. राज्यघटनेनं हे नशीब बाजूला काढलं. सत्तेवर कोण आहे, त्याचं मन मोठं आहे की लहान, यावर तुमचा हक्क टांगलेला नको, असं घटनेनं ठरवलं.

शिक्षणाचं बघा. १९१७ मध्ये मूल शाळेत आलं नाही तर दंड बापाला होता. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं, २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि आता शाळाच नसेल तर जाब सरकारला द्यावा लागतो. राधानगरी-भुदरगडच्या एखाद्या धनगरवाड्यावर पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत नसेल, तर तिथला बाप याचिका करू शकतो. महाराजांचं काम पुढं गेलं म्हणजे काय झालं, तर हे झालं.

## कायदा केला की माणसं बदलतात का?

लगेच नाही. यासाठी लांब जायला नको, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडला जाऊ.

विधवांच्या पुनर्विवाहाचा इंग्रजांचा कायदा १८५६ चा. महाराजांचा १९१७ चा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा पतीच्या मालमत्तेची पहिल्या वर्गाची वारस झाली, तिच्या वाट्याला आलेल्या जमिनीची पूर्ण मालक झाली. कागदावर तिला काही कमी नव्हतं. तरीही नवरा गेला की त्याच घटकेला, तिच्या दुःखाचा विचार न करता, चार बायका तिच्या हातावरच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायच्या. नंतर हळदीकुंकवाला बोलावणं नाही, घरच्या लग्नात पुढं यायचं नाही. सातबारावर नाव आहे, आणि स्वतःच्या मुलीच्या हळदीला मात्र ती मागच्या खोलीत.

मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की ही प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठरावाला दंडाची ताकद नव्हती. उद्या एखाद्या घरानं बांगड्या फोडल्याच तर ग्रामपंचायत कुणाला तुरुंगात टाकू शकत नाही. पण त्या ठरावानं एक गोष्ट केली जी १८५६ च्या कायद्यालाही जमली नव्हती. "आपल्यात असंच असतंय" म्हणणाऱ्या म्हातारीला "आता गावानं ठरवलंय" असं उत्तर देता येऊ लागलं. नकार देणारी सून एकटी राहिली नाही. मग कायद्याचा उपयोग काय उरला? उपयोग असा, की गावानं उलटं ठरवलं असतं, बांगड्या न फोडणाऱ्या घराला वाळीत टाकायचं म्हटलं असतं, तर तो ठराव टिकला नसता. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा त्यासाठीच आहे, आणि तो देशातला या तऱ्हेचा स्वतंत्र कायदा म्हणून ओळखला जातो. गाव पुढं जात असेल तर कायदा वाट मोकळी ठेवतो, गाव एखाद्याला चिरडायला निघालं तर आडवा येतो. दोन्हींची गरज पडते.

## चोराला कसले हक्क?

हा आक्षेप सगळ्यांत जास्त येतो, आणि तोही चांगल्या माणसांकडून. उत्तर सरळ आहे. पोलीस ज्याला उचलतात तो चोर आहे की नाही हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं. नावात साम्य, शेजाऱ्याची खुन्नस, निवडणुकीतला राग, काहीही कारण असू शकतं. म्हणून अनुच्छेद २२ सांगतो: अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ नुसार सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज का आहे ते पोलिसांना लिहावं लागतं, गरज नसेल तर नोटीस देऊन बोलवावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आणखी स्पष्ट केलं की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत.

यामुळे गुन्हेगार सुटतात असं नाही. मुंबई हल्ल्यातल्या कसाबलाही वकील मिळाला, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील मिळालं, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशीही झाली. निकालावर जगात कुणाला बोट ठेवता आलं नाही, ते या रीतीमुळेच.

## हजारो लोक रस्त्यावर आले तरी कोर्ट ऐकत नाही, मग लोकशाही कसली?

नांदणीच्या मठातल्या महादेवी हत्तिणीची जखम अजून ओली आहे, म्हणून हा प्रश्न टाळून चालणार नाही. १६ जुलै २०२५ ला हायकोर्टानं तिला जामनगरच्या हत्तींच्या निवारा केंद्रात पाठवायला सांगितलं, २८ जुलैला सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं, आणि सगळा जिल्हा हळहळला. ती माया खरी होती. कोर्टापुढं प्रश्न मात्र लोकांच्या मायेचा नव्हता. हत्तिणीची प्रकृती, तिची निगा, त्याबद्दलचे अहवाल आणि त्यासमोर मठाचा धार्मिक हक्क, हे तोलायचं होतं.

खासबागच्या मैदानात कुस्ती रंगली की अख्खं मैदान एका पैलवानाच्या नावानं घुमतं. पण खांदे टेकले की नाही हे बघायला पंच मातीत वाकतो. तो मैदानाकडं बघून निकाल देऊ लागला, तर बाहेरगावचा पैलवान इथं कधी जिंकणारच नाही, आणि आपला पैलवान दुसऱ्याच्या मैदानात कधी जिंकणार नाही. कोर्टाचं काम पंचाचं आहे. पंच चुकू शकतो, आणि त्यासाठी वरचं कोर्ट आहे, पुनर्विलोकन आहे. नांदणी प्रकरणातही पुढची पावलं त्याच वाटेनं टाकावी लागली. आज गर्दी आपली आहे म्हणून हे खटकतं. उद्या गर्दी समोरच्याची असेल तेव्हा हाच नियम आपल्याला वाचवेल.

## हक्कांमुळे विकास अडतो का?

शक्तिपीठ महामार्गाला आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला तेव्हा हे पुष्कळ ऐकू आलं. जमिनीचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत राहिला नाही, सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन घेऊ शकतं. पण अनुच्छेद ३००-अ म्हणतो की कायद्याच्या आधाराशिवाय नाही. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं याचा अर्थ उलगडून सांगितला: नोटीस द्या, हरकत ऐका, कारणांसह निर्णय द्या, हेतू सार्वजनिक असल्याचं दाखवा, रास्त मोबदला द्या, काम वेळेत करा आणि ताब्यापर्यंत पूर्ण करा. यात रस्ता नको असं कुठंच नाही. ज्याचा ऊस उभा आहे त्याला आधी विचारा, एवढंच आहे. विचारलं असतं तर निम्मे मोर्चे निघालेच नसते, असं मला वाटतं.

## निकाल लागेपर्यंत माणूस जातो त्याचं काय?

हा आक्षेप खरा आहे. देशभरातल्या कोर्टांत मिळून पाच कोटींहून जास्त प्रकरणं तुंबलेली आहेत. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्तींची मंजूर पदं ९४, आणि ती सगळी क्वचितच भरलेली असतात. कोल्हापुरात सुरुवात चार न्यायमूर्तींनी झाली. सहा जिल्ह्यांना हे पुरेसं नाही. बेंच आल्यानं हेलपाटा वाचला, वेग आपोआप वाढणार नाही. त्यासाठी न्यायमूर्ती, कर्मचारी आणि कायमची इमारत लागेल.

तरी रिटमध्ये एक सोय आहे. तातडीचं असेल तर अंतिम निकालाच्या आधी अंतरिम स्थगिती मिळू शकते. बाईंची वसुली थांबते, घरावरचा बुलडोझर थांबतो. पुष्कळदा खरा दिलासा तोच असतो.

सर्किट बेंच आणि कायमचं खंडपीठ यांतला फरकही इथंच सांगतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये दोन वाटा आहेत. मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीनं एखाद्या गावी न्यायमूर्ती बसवायचे, ही एक, आणि कोल्हापूरचं बेंच या वाटेनं आलं. राष्ट्रपतींच्या आदेशानं कायमचं खंडपीठ स्थापायचं, ही दुसरी. औरंगाबाद १९८१ मध्ये पहिल्या वाटेनं सुरू झालं आणि १९८४ मध्ये कायम झालं. तेव्हा आपला पुढचा टप्पा कुठला, हे स्पष्ट आहे.

## वकिलाला द्यायला पैसे नसतील तर?

तर वकील सरकार देतं, आणि हे खूप कमी लोकांना माहीत आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीतली माणसं, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त, यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या बाई पेन्शनर असल्या तरी त्यांना हक्कानं वकील मागता येतो. बाकीच्यांसाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो, आणि घरबसल्या विचारायचं तर १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे.

वकिलाकडं जाताना ज्या आदेशामुळं नुकसान झालं त्याची प्रत न्या. कार्यालय देत नसेल तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात मागा, तीस दिवसांत द्यावी लागते. रिटला वर्षांत मोजलेली मुदत नाही, पण उशीर केला तर कोर्ट कारण विचारतं, तेव्हा कागद हातात आल्यावर थांबू नका. आणि आजवर तोंडी विनंत्याच केल्या असतील, तर आधी एक लेखी अर्ज करा आणि आपल्या प्रतीवर आवक विभागाचा तारखेसह शिक्का घेऊनच बाहेर पडा.